माप नऊ

कुपवाडच्या फौंड्रीत अब्बांनी एकतीस वर्षं साचे भरले.
काळी वाळू मुठीत दाबून बघायचे,
बोटांचे ठसे उठले आणि मोडताना कड साफ तुटली
की वाळू तयार.
पंपाची पोटं, चरकाचे दाते,
सगळं आधी वाळूत, मग लोखंडात.

ओतकामाच्या दिवशी एखादी ठिणगी
बुटाच्या जिभेखालून आत जायची.
नाडी सोडेपर्यंत तिचं काम झालेलं असे.
उजव्या पावलावर अकरा ठिपके. डाव्यावर चार.
पोरगी असताना मी ते मोजत झोपायची.

भिंतीपलीकडे खैरुन खाला.
मिरजेतल्या अर्ध्या नवऱ्या तिच्या काडीखालून गेल्या.
कोन तिला कधी आवडला नाही.
म्हणायची, आधी ठिपका ठेव,
वेलीला टेकायला घर लागतं.

पुढं मी जोडे आखायला शिकले, पुण्यात.
तिथं विचारलं, तुमचा वारसा काय?
मी गप्प.
घरी खुंटीला हजेरीचा पितळी बिल्ला होता, क्रमांक २१४,
तो काही बोलण्यासारखा वाटला नाही.

फौंड्री बंद पडली तेव्हा लाकडी नमुने
सरपणाच्या भावात निघाले.
भंगारवाल्याकडून एक दातेरी चाक मी आणलं, सागाचं,
ऐंशी रुपयांना.
आत पेन्सिलीनं कुणीतरी लिहिलेलं:
‘वरचा भाग. उलटा लावू नये.’

मलकारी व्हटकरनं त्या दातांवरून तळ कापला.
हिरड्यात कमावलेलं चामडं त्याचंच.
मी माठात गंजके खिळे टाकले, वर सांगलीच्या पेठेतला गूळ,
आणि एकवीस दिवस तोंड बांधून ठेवलं.
फडकं सोडल्यावर मलकारी मागं सरला.
‘ह्यात काय मेलंय गं?’

त्या पाण्यात काडी बुडवून रेघ ओढली
तर आधी काहीच दिसत नाही.
नुसती ओल.
मग चामड्याला काहीतरी आठवत जावं
तशी रेघ काळी होते,
तुमच्या डोळ्यांदेखत, आणि मग पुसत नाही.

ठिपके मी काढले. लोखंडाचे.
उजव्या जोड्यावर अकरा, डाव्यावर चार,
जिथल्या तिथं.
वेल खालानं काढली, मेंदीची, विटकरी.
हात थरथरतो आता, म्हणून पानांना
वाऱ्यात असल्यासारख्या कडा आल्या.
तिनं त्या दुरुस्त करू दिल्या नाहीत.

मधेच विचारलं, किती दिवस राहणार ही?
मी म्हटलं, कायमची.
खालानं काडी खाली ठेवली.
‘मग ही मेंदी नव्हे.
हात जिता असतो, म्हणून ती जाते.
जाते, म्हणून मला परत बोलावतात.’
आम्ही दोघीही त्या मेलेल्या कातड्याकडे बघत बसलो.

मलकारी टाके ओढत होता, मान वर न करता म्हणाला,
‘घातला की झिजतोय की, खाला.
जोडा बी जितच असतंय, पायात हाय तवर.’
खालानं थोडा वेळ घेतला.
मग राहिलेलं एक पान पुरं केलं.

अब्बांचं माप नऊ.
दारात खुर्चीवर बसून त्यांनी जोडा हातात घेतला,
तळाच्या दातांवर नख फिरवलं,
‘चौदा नंबरच्या चरकाचं चाक,’ म्हणाले, विचारल्यासारखं नाही.
ठिपक्यांवर अंगठा थांबला.
ओठ हलत होते. मोजत असावेत.
अकराला थांबले.
आपल्या पायाकडे पाहिलं नाही.

मग पुढचं टोक दाबून बघितलं, दोनदा,
टरबुजाचं दाबतात तसं.
‘लोखंडी टोपी नाही घातलीस यात.’
नाही, अब्बा.
‘मग हे घालून भट्टीपाशी जायचं नाही.’

भट्टी विझून सहा वर्षं झाली होती.
मी म्हटलं, बरं.